कारूसोची एका बाजूची रेकॉर्ड, आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या महिन्यात कुणाला तरी उत्तर देताना ओघात मी एन्रिको कारूसोचं नाव घेतलं, की रेकॉर्डमुळे जगभर घराघरात पोचलेला पहिला मोठा गायक म्हणजे हा इटालियन बाबा, आणि पुढच्या विषयाला लागले. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आली की यावेळचं अख्खं सदर त्याच्याच नावे. शेअर मार्केट आणि गुडघेदुखीवाल्यांनी एक महिना कळ काढा.

प्रश्न : आजोबांच्या लाकडी पेटीत नाट्यसंगीताच्या रेकॉर्डमध्ये एक लाल लेबलची रेकॉर्ड सापडली, त्यावर कारूसो असं लिहिलंय. एकाच बाजूला गाणं आहे, दुसरी बाजू सपाट. फॉल्टी पीस आहे का? आणि विकली तर किती येतील? (मिरज)

काका, फॉल्टी अजिबात नाही. त्या काळी मोठ्या गवयांच्या लाल लेबलवाल्या रेकॉर्ड अशाच यायच्या, एका बाजूला गाणं आणि मागे कोरी तबकडी, आणि किंमत मात्र साध्या दोन बाजूंच्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी जास्त. लोक कौतुकानं द्यायचे, कारण घरात कारूसो असणं हीच ऐट होती. १९२० नंतरच्या काही वर्षांत ही पद्धत बंद पडली. किमतीचं म्हणाल तर निराश करते, कारूसोच्या रेकॉर्ड इतक्या खपल्यात की बहुतेक दुर्मिळ नाहीत, लाखबिख डोक्यातून काढा. त्यापेक्षा पुसून नीट उभी ठेवा आणि गंजकी सुई चुकूनही लावू नका.

पण ही रेकॉर्डची गोष्ट सुरू कशी झाली ते ऐका, आपल्याशीही तिचं नातं आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेसबर्ग नावाचा माणूस १९०२ च्या वसंतात मिलानला गेला, तिथे ला स्काला थिएटरात या पोराला ऐकलं आणि वेडा झाला. दहा गाण्यांचे किती घेशील विचारलं तर उत्तर आलं शंभर पौंड. लंडनच्या ऑफिसला कळवलं तर तिकडून जवाब, फार होतात, रेकॉर्ड करू नकोस. गेसबर्गनं ऐकलंच नाही. ११ एप्रिल १९०२ ला ग्रँड हॉटेलच्या एका खोलीत पियानो खोक्यांवर चढवून, भिंतीतून भोंगा बाहेर काढून एका दुपारीत दहाच्या दहा गाणी उरकली. ज्या हॉटेलात वर्षापूर्वी थोर ऑपेरा-संगीतकार वेर्दीनं प्राण सोडले तेच हे हॉटेल बरं का. त्या शंभर पौंडातून कंपनीनं किती कमावलं असेल ते तुम्हीच बघा!

आणि हाच गेसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात गायिका गौहर जानची रेकॉर्डिंग केली. म्हणजे मिलानमध्ये कारूसोसमोर मशीन मांडणारा माणूस सात महिन्यांनी गौहरजानसमोर मशीन मांडून बसला होता! तुमच्या आजोबांच्या पेटीत दोघं शेजारी असतील तर ते योग्यच आहे.

अजून एक सांगते, तेव्हा माईक नव्हता. गायकानं भोंग्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या धक्क्यानं सुई हलणार आणि मेणावर रेघ उमटणार, बास. विजेवरचं रेकॉर्डिंग १९२५ ला आलं आणि तोवर कारूसो जाऊन चार वर्षं झाली होती, त्यामुळे आपण त्याचं जे काही ऐकतो ते सगळं भोंग्यातलं. या भोंग्याला बारीक आवाज झेपायचे नाहीत, बायकांच्या तार सप्तकातल्या जागा चिरकायच्या, व्हायोलिन तर गायबच. कारूसोचा आवाज टेनर म्हणजे पुरुषांतला उंच, पण मधल्या पट्टीत त्याला खर्जाकडचा जाड भरीवपणा होता आणि नेमकं तेच त्या मशीनला मानवलं. माझं तर मत आहे की मशीननं कारूसो मोठा केला तेवढाच कारूसोनं मशीन मोठं केलं, त्याआधी बरेच मोठे गवई ग्रामोफोनला खेळणं समजून नाक मुरडायचे.

प्रश्न : मी क्लासिकल शिकते, तिसरं वर्ष. आवाज वर गेला की फाटतो. क्लासमध्ये एकजण म्हणाला की कारूसोला पण गुरूनं तुला आवाजच नाही असं सांगितलं होतं. खरंय का की नुसतं समजूत काढायला? (ठाणे)

बरंचसं खरंय ग. नेपल्समध्ये गुल्येल्मो वेर्जिने नावाचा शिक्षक होता, त्यानं पहिल्यांदा ऐकून असं काहीसं मत दिलं की खिडकीच्या फटीतून वारा शिट्टी वाजवतो तसा हा आवाज आहे. तरी शिकायला घेतलं, आणि कसं घेतलं ते बघ. करार असा की पाच वर्षं कमाईतला चौथा हिस्सा गुरूचा. पण पाच वर्षं म्हणजे कॅलेंडरची नव्हे, प्रत्यक्ष गायलेले दिवस मोजून पाच वर्षं! महिन्याला आठदहा प्रयोग धर आणि हिशोब कर, जन्म संपेल पण करार संपायचा नाही. शेवटी कोर्टकचेरी झाली आणि वीस हजार लिरा देऊन त्यानं सुटका करून घेतली. गुरुदक्षिणा म्हणतात ती हीच.

आता आवाज फाटण्याबद्दल. कारूसो फाटायचाच. जन्म १८७३ चा, बाप कारखान्यात मेकॅनिक, हा पण लहानपणीच कारखान्यात चिकटलेला, सकाळी हातोडा आणि संध्याकाळी चर्चच्या कॉयरमध्ये गाणं. आई अ‍ॅना १८८८ ला गेली, तेव्हा हा पंधराचा. मग लग्नाबिग्नात, हॉटेलांबाहेर गाऊन चार पैसे मिळवायचे. पहिला ऑपेरा १८९५ च्या मार्चमध्ये नेपल्सच्या तेआत्रो नुओव्होत, तो ऑपेरा आज कुणाला ठाऊकही नाही. त्यापुढची दोनतीन वर्षं छोट्या छोट्या गावांत गात हिंडला आणि वरचा सूर लागेल का नाही याची धाकधूक कायम. सालेर्नोला विन्चेंझो लोंबार्दी नावाचा कंडक्टर भेटला, त्यानं वरच्या जागांवर मेहनत करून घेतली आणि तिथून आवाज हळूहळू बसत गेला. १८९७ ला ऑपेरा-संगीतकार पुच्चिनीसमोर चाचणी दिली तेव्हा पुच्चिनी म्हणाला की तुला कुणी पाठवलं, देवानं का, ही गोष्ट सगळेच सांगतात. पण त्याच पुच्चिनीच्या 'ला बोएम' ऑपेरातलं जे प्रसिद्ध गाणं आहे, ज्यात टेनरनं अगदी वरचा सूर लावून टाळ्या घ्यायच्या, ते कारूसो पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरसुद्धा पट्टी अर्ध्या सुरानं खाली घेऊन गायचा, १९०६ ची रेकॉर्ड तशीच आहे. लाज नाही वाटली त्याला. ही गोष्ट मला देवाच्या गोष्टीपेक्षा जास्त आवडते.

तेव्हा तू पण आधी पट्टी अर्ध्यानं उतरवून बघ, आणि तुझ्या गुरुजींना विचारल्याशिवाय माझं ऐकू नकोस!

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की कारूसो एकवीस भावंडांत एकोणिसावा, आधीची अठरा मेली. एवढं शक्य आहे का? (पुणे)

नाही. नुसती लोणकढी. तो स्वतःही मजेत सांगायचा आणि पेपरवाले छापायचे. आईला सात मुलं झाली, हा तिसरा, आणि त्यातली बरीच लहानपणीच गेली. तेवढं दुःख पुरेसं नाही का, वर अठराचा आकडा कशाला.

त्याच फॉरवर्डमधली दुसरी गोष्ट मात्र खरी आहे. पहिल्या पहिल्या पब्लिसिटी फोटोत त्यानं अंगाला चादर गुंडाळलीय रोमन सिनेटरसारखी, कारण एकुलता एक शर्ट धुवायला टाकलेला होता.

प्रश्न : आपल्या गावात मान मिळत नाही म्हणतात. कारूसोनं स्वतःच्या गावात कधी गायचं नाही अशी शपथ का घेतली होती? (कोल्हापूर)

१९०० च्या डिसेंबरात ला स्कालात कंडक्टर तोस्कानिनीच्या हाताखाली उभा राहिला, वर्षभरात नाव झालं, आणि १९०१ च्या डिसेंबरात मोठ्या हौसेनं नेपल्सच्या सान कार्लो थिएटरात गायला आला. ज्या गल्लीत हुंदडला तिथलंच हे सगळ्यात मोठं स्टेज. तिथे रसिकांची एक टोळी होती, जाणकार म्हणवणारी, नव्या गायकानं आधी जाऊन त्यांच्या पाया पडायचं, मग ते टाळी देणार. हा गेला नाही. मग काय, थंड स्वागत, पेपरात पण तिरकस लिहून आलं, आमच्या गल्लीतलं पोरगं आम्हाला काय शिकवणार हा थाट. तो म्हणाला यापुढे नेपल्सला येईन तो फक्त स्पगेटी खायला, गायला नाही. आणि पाळलं हो. पुढे वीस वर्षं जगला, न्यूयॉर्क, लंडन, ब्वेनोस आयरेस, हवाना सगळीकडे गायला पण नेपल्सच्या स्टेजवर पुन्हा पाऊल नाही. कोल्हापूरकरांना हा ताठा समजेल!

गंमत म्हणजे जगभर त्यानं नेपल्सचीच गाणी नेली. 'ओ सोले मिओ' वगैरे नेपल्सच्या बोलीतली गाणी ऑपेराच्या लोकांना तेव्हा गल्लीतली वाटायची, यानं तीच रेकॉर्डवर गायली. रुसला होता तो थिएटरवर, गावावर नाही.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो, मुलगा सांगत होता की कारूसोची रेकॉर्डिंग इथल्याच गावात झालीत. खरं का? आणि अमेरिकेत त्याचं कसं चाललं? (न्यू जर्सी)

ताई, मुलाचं बरोबर आहे. तुमच्याकडचं कॅमडेन, तिथे व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना होता. कुत्रा भोंग्यापुढे बसलेला आहे ना, तेच चित्र व्हिक्टरकडेही होतं. त्या जुन्या बिल्डिंगच्या टॉवरवर रंगीत काचेचा कुत्रा अजून दिसतो, आता आत फ्लॅट झालेत. कंपनीनं एक चर्च विकत घेऊन त्याचाही स्टुडिओ केला होता आणि कारूसोचं शेवटचं रेकॉर्डिंग तिथेच झालं, सप्टेंबर १९२० मध्ये.

अमेरिकेत कसं चाललं विचारता तर राजासारखं चाललं. २३ नोव्हेंबर १९०३ ला मेट्रोपोलिटन ऑपेरात 'रिगोलेत्तो' गायला, पहिल्या रात्री फार गाजावाजा नव्हता पण मग जो बसला तो अठरा सीझन, आठशेच्या वर प्रयोग एकट्या त्या थिएटरात. मानधन रात्रीचे अडीच हजार डॉलर झाल्यावर यानं आणखी वाढ नको म्हटलं, कारण मग प्रत्येक वेळी त्या किमतीचं गायला लागेल. हवानाला मात्र १९२० मध्ये रात्रीचे दहा हजार घेतले, आणि तिथे प्रयोग चालू असताना थिएटरात बॉम्ब फुटला! कारूसो 'आयदा'च्या इजिप्शियन पोशाखात होता तसाच रस्त्यावर.

या माणसाच्या नशिबात असले प्रसंग फारच होते. एप्रिल १९०६, सॅन फ्रान्सिस्को, रात्री 'कार्मेन' गाऊन हॉटेलात झोपला आणि पहाटे तो मोठा भूकंप. जवळ प्रेसिडेंट रूझवेल्टची सही असलेला फोटो होता, तो दाखवत गर्दीतून वाट काढली असं सांगतात. पुन्हा त्या गावात गेला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात माकडांच्या घराजवळ एका बाईनं छेडछाडीची तक्रार केली, दहा डॉलर दंड झाला, पेपरवाल्यांना महिनाभर मेजवानी. तो नाकारत राहिला पण दंड झाला हे खरं, ते लपवून नुसता देवमाणूस रंगवायचा मला कंटाळा आहे. १९१० ला खंडणीवाल्या टोळीनं पंधरा हजार डॉलर मागितले तर यानं पोलिसांना सांगून दोघं पकडून दिले. इतर इटालियन लोक घाबरून गुपचूप पैसे देत होते तेव्हाची ही गोष्ट.

आणि हो, चित्रं फार झकास काढायचा. न्यूयॉर्कच्या एका इटालियन पेपरात त्याची व्यंगचित्रं छापून यायची, त्याचं मानधनही घेत नसे. स्वतःचं चित्र काढताना पोट जरा मोठंच दाखवायचा.

प्रश्न : ऑपेरा म्हणजे आपलं संगीत नाटकच ना? मग गाताना एवढं ओरडतात का? (डोंबिवली)

आमच्याकडे माझी आई पण विचारायची, हा माणूस गातोय का रडतोय. फरक असा की संगीत नाटकात गद्य संवाद आहेत आणि मधून मधून पदं, गायक एखादं पद मनात आलं तर वीस मिनिटं आळवतो. ऑपेरात बहुतेक सगळंच गाऊन, जेवायला चल हे पण गाऊन, आणि सूर आधीच लिहिलेले, मनाचं काही घालायला फार वाव नाही. मागे पन्नाससाठ जणांचा ऑर्केस्ट्रा, माईक नाही, तीनचार हजार माणसं, मग आवाज फेकायलाच लागतो. वन्स मोअर मात्र तिकडेही होता, आणि आपल्यासारखाच डोकेदुखी होता, तोस्कानिनी चिडायचा त्यावरून.

रडण्यावरून आठवलं. 'पाल्याच्ची' नावाचा ऑपेरा आहे, त्यात विदूषकाला प्रयोगाआधी कळतं की बायको दुसऱ्याच्या नादी लागलीय, आणि तरी त्याला तोंडाला रंग फासून लोकांना हसवायला जायचंय. ते गाणं म्हणजे कारूसोची ओळख, दहा लाख खपलेली पहिली रेकॉर्ड हीच असं म्हटलं जातं. आता त्याचा संसार असा, आदा जाकेत्ती नावाच्या गायिकेबरोबर दहाएक वर्षं राहिला, लग्न नाही कारण तिचं आधीच झालेलं आणि इटलीत घटस्फोट नव्हता, मुलं झाली त्यातली दोन जगली, आणि १९०८ मध्ये ती त्याच्याच ड्रायव्हरबरोबर निघून गेली. पुढे मिलानच्या कोर्टात त्याची जाहीर धुणी धुतली गेली. मग लोक काय सांगतात, रेकॉर्डवरचा तो हुंदका खरा आहे, आदा गेल्याचं दुःख आहे त्यात.

तारखा बघा. हे गाणं त्यानं तीनदा रेकॉर्ड केलं, १९०२, १९०४ आणि १९०७. आदा गेली १९०८ ला. म्हणजे ज्या हुंदक्यावर जग रडलं तो संसार धड चालू असतानाचा आहे, नीट बसवलेला, तीनदा घासून पक्का केलेला. मला तर हे कळल्यावर तो हुंदका जास्तच आवडायला लागला. आपल्याकडे बालगंधर्वांची मुलगी गेली त्याच दिवशी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता आणि ते उभे राहिले, ती गोष्ट खरी आहे आणि आपण ती दर वेळी सांगतो, पण गंधर्वांचं गाणं त्या दिवसामुळे गोड नव्हतं ना. तसंच आहे हे.

प्रश्न : एवढ्या लवकर कसा गेला? सिगारेटमुळे का? (एक डॉक्टर, नागपूर)

सिगारेट भरपूर ओढायचा, इजिप्शियन, एकामागून एक, फायदा नक्कीच झाला नसणार. पण गेला तो छातीत पू होऊन. १९२० च्या डिसेंबरात आधी स्टेजवर सेटचा खांब अंगावर पडला, मग कुशीत दुखायला लागलं, ११ तारखेला ब्रुकलिनच्या प्रयोगात गाता गाता तोंडातून रक्त यायला लागलं, विंगेतून रुमालावर रुमाल देत होते आणि हा गातोय, शेवटी पहिल्या अंकानंतर प्रयोग थांबवला. तरीही २४ डिसेंबरला मेट्रोपोलिटनमध्ये पुन्हा उभा राहिला, तो शेवटचा. प्लुरसी म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाची सूज निघाली, त्यातून पू, एकामागून एक ऑपरेशनं. अँटिबायोटिक्स यायला अजून वीसेक वर्षं होती, आज कदाचित पंधरा दिवस अ‍ॅडमिट राहून घरी आला असता, तुम्ही डॉक्टर आहात तुम्हीच सांगा.

तोवर लग्न झालं होतं, १९१८ ला डोरोथी बेंजामिनशी, ती पंचविशीची आणि हा पंचेचाळीसचा, सासऱ्यानं मुलीचं नाव टाकलं. मुलगी ग्लोरिया दीड वर्षाची होती. बरं वाटेल म्हणून इटलीला गेले आणि २ ऑगस्ट १९२१ ला, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, नेपल्सच्या व्हेसुव्हियो हॉटेलात गेला. ज्या गावात गायचं नाही म्हटलं होतं तिथेच. राजानं सान फ्रान्चेस्को दी पाओला हे चर्च उघडून दिलं आणि अख्खं नेपल्स रस्त्यावर उतरलं.

प्रश्न : मी चर्च कॉयरमध्ये गाते, मांडो पण गाते, पण जुन्या खरखरीत रेकॉर्ड ऐकवत नाहीत. कारूसो कुठून सुरू करू? (मडगाव)

खरखरीची सवय लागायला तीन दिवस लागतात, पावसाच्या आवाजासारखी, मग ऐकूच येत नाही. तुमचा कान कॉयरचा आहे म्हणून सांगते, १९०२ च्या गाण्यांपासून सुरू करू नका, तिथे तो घाईत आहे आणि पियानो डब्यातला वाटतो. १९०४ ची 'उना फुर्तीवा लाग्रिमा' लावा, नुसत्या पियानोवर, तीन-चार मिनिटांत मावेना म्हणून दोन रेकॉर्डवर वाटलेली. श्वास कुठे घेतो ते शोधा, सापडत नाही लवकर. मग १९०७ ची विदूषकाची. मग शेवटच्या, १९२० च्या सेशनमधलं रोसिनीच्या 'मास'मधलं, म्हणजे चर्चच्या प्रार्थनासंगीतातलं, 'क्रुचिफिक्सुस', ते तर तुमच्या ओळखीचंच निघेल, आवाज तोवर केवढा जड झालाय ते कळेल.

आणि सगळं झाल्यावर एक मजेची ऐका. 'ला बोएम'च्या शेवटच्या अंकात एकजण आपला जुना कोट गहाण टाकायला निघतो, आजारी मुलीच्या औषधासाठी, आणि कोटाचा निरोप घेतो. हे गाणं खर्जातल्या आवाजाचं, टेनरचा काही संबंध नाही. १९१३ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रयोगात त्या भूमिकेतल्या आंद्रेस दे सेगुरोलाचा घसा ऐनवेळी बसला, तर कारूसो म्हणाला तू नुसता उभा राहा, आणि टोपी कपाळावर ओढून, प्रेक्षकांकडे पाठ करून ते गाणं यानं त्याच्या आवाजात गाऊन टाकलं. पुढे १९१६ ला हौसेखातर रेकॉर्डही केलं, दोस्तांना वाटायला, विकायला नाही. तुमच्या कॉयरमधल्या बास गाणाऱ्यांना नाव न सांगता लावून दाखवा, आणि कोण गातंय ते विचारा.